ओलीवर रंग हा इलाज नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा उतरणीला लागला की लातुरात रंगाऱ्यांचे फोन वाजायला लागतात. दसऱ्याला घर उजळायचं असतं, दिवाळीला लेकी-जावई यायचे असतात. पण अलीकडे येणारे पुष्कळ फोन रंगाचे नसतात, ओलीचे असतात. "मामा, बेडरूमची भिंत फुगायलीय, सणाच्या आत तेवढा एक हात मारून द्या." जाऊन कपाट पुढं ओढलं की मागची भिंत गुडघ्यापर्यंत फुगलेली, पुट्टीचे पोपडे फरशीवर पडलेले, कपाटाच्या प्लायला काळी बुरशी. भिंतीच्या पलीकडे काय आहे ते मी विचारत नाही. पलीकडे बाथरूम असतं.

ओल्या भिंतीला मी रंग देत नाही. आधी बाथरूमचं बघा, भिंत वाळू द्या, मग मला बोलवा, असं स्पष्ट सांगतो. मालक नाराज होतात. दुसऱ्या कुणाला बोलावतात. तो वॉटरप्रूफ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रायमरचे दोन हात देतो, वर भारीतला रंग देतो. आपल्याकडचं ऊन आणि कोरडी हवा अशी की मार्च ते मे भिंत वरवर सुकते, मालकाला वाटतं काम झालं. मृग लागून हवेत दमटपणा आला की पोपडे पुन्हा सुरू. त्या रंगाऱ्याला मी नावं ठेवत नाही, त्यालाही घर चालवायचं आहे. पण पैसा दरवर्षी रंगात जातो आणि दोष जिथल्या तिथं राहतो, हे मला बघवत नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

घर बांधून झालं की गवंडी जातो, प्लंबर जातो, फरशीवाला जातो, बिल्डरचं ऑफिस पुढच्या साइटवर जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं त्या भिंतींना हात लावणारा माणूस म्हणजे रंगारी. कोणतं काम मनापासून झालं आणि कोणतं उरकलं, ते आम्हाला खरवडणीच्या पत्र्याखाली कळतं. त्या अनुभवावरून सांगतो की, नव्या इमारतींत सगळ्यात जास्त नासधूस होते ती बाथरूममुळे, आणि त्यातली बहुतेक एका साध्या तपासणीनं टळली असती. फरशी बसवण्याआधी बाथरूममध्ये पाणी भरून दोन-तीन दिवस तसंच ठेवायचं आणि खाली ओल उतरते का ते बघायचं. बस, एवढंच. आणि नेमकं तेच केलं जात नाही.

आधी ओल्या भिंतीवर येणाऱ्या पांढऱ्या पावडरीविषयी सांगतो, कारण लोक तिला चुन्याचा दोष किंवा पुट्टीचा दोष समजतात. तो लोणा असतो. पाणी भिंतीतून सरकताना विटांतले आणि सिमेंटातले क्षार विरघळवून पुढं आणतं. भिंतीच्या तोंडाशी पाणी उडून जातं, क्षार तिथंच साचतात, त्यांचे कण वाढत जातात आणि रंगाला मागून ढकलतात. ढकलणारं मागं बसलेलं असताना वरून कितीही महाग रंग लावा, तो टिकणार नाही. उलट समोरची वाट बंद झाली की ओल बाजूला आणि वर सरकते. गुडघ्यापर्यंतची ओल कमरेपर्यंत चढलेली मी किती तरी घरांत बघितली आहे, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात आधी कुणीतरी वॉटरप्रूफ रंग देऊन गेलेलं होतं. जिप्समचं किंवा पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर आणखी वाईट. वरून दोन वर्षं पाणी झिरपत असतं, दिसत काही नाही, आणि एक दिवस अख्खा तुकडा खाली येतो. लाइटच्या पाइपातून पाणी उतरून दिव्याच्या होल्डरमधून ठिबकताना बघितलं आहे. तिथं जिवाशीच गाठ असते. असं दिसलं तर आधी मेन स्विच बंद करावा, बाकी सगळं नंतर.

ओल कुठं उठली आहे यावरून ती कुठून येते ते बऱ्याच वेळा कळतं. भिंतीच्या बुडाशी असेल तर बाथरूमची फरशी आणि भिंत जिथं मिळते तो कोपरा उघडा आहे. खांद्याच्या उंचीला, शॉवरच्या नळाच्या बरोबर मागं असेल तर भिंतीतला डायव्हर्टर (पाणी नळाकडं-शॉवरकडं वळवणारा भाग) किंवा पाइपाचा जोड बघावा. खालच्या घराच्या छताला पाइपाभोवती गोल डाग पडला असेल तर नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा) नाहीतर कमोडच्या पाइपाचा जोड. बाथरूमच्या दाराबाहेर चौकटीचं लाकूड फुगलं असेल, तर उंबऱ्याखाली पाणी अडवणारं काही नाही किंवा फरशीचा उतारच दाराकडं आहे.

आपल्या लातूरकरांना एक खूण मात्र आयती मिळाली आहे. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, टाकी मधूनमधून कोरडी पडते. टाकी कोरडी असताना ठिबक थांबत असेल आणि टाकी भरताच, कुणी अंघोळ केलेली नसतानाही, ती सुरू होत असेल तर गळती टाकीतून येणाऱ्या, कायम भरलेल्या पाइपाची आहे. अशा वेळी अख्खी फरशी फोडू नये, प्लंबरला बोलावून पाइपात पंपाने दाब भरून तपासायला सांगावं. अंघोळीनंतर तासा-दोन तासांनी ठिबकत असेल तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा सांडपाण्याच्या पाइपात. आणि घर आठ दिवस बंद ठेवून गावाला जाऊन आलात तरी खालचं छत तसंच ओलं असेल, तर फरशीखालच्या भरावात पाणी साठलेलं आहे. हे सर्वांत वाईट.

या भरावाविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण तो फोडताना मी जवळून बघितला आहे. फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा फूट-दीड फूट खाली टाकतात. त्या खोलगट जागेत सांडपाण्याचे पाइप बसतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात, त्याला उतार देतात आणि मग फरशी. नीट केलं तर ही चांगली पद्धत आहे. औसा रोडकडच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका ताईंच्या छतातून पाणी यायचं. वरचा फ्लॅट भाड्यानं दिलेला, मालक पुण्याला. फोनवर ते म्हणायचे, "भाडेकरूची तक्रार नाही, मग माझ्याकडून कसं गळतं?" वरच्याला तक्रार असणारच नाही, पाणी खाली जातं. शेवटी ते स्वतः आले, खालचं छत डोळ्यांनी बघितलं आणि त्याच दिवशी फरशी उचलायला तयार झाले, हा त्यांचा मोठेपणा. ताईंच्या छताचं काम माझ्याकडं होतं म्हणून मीही वर उभा होतो.

मिस्त्रीनं पहिली टाइल छिन्नी न लावता पहारीच्या टोकानं नुसती उचकटली. ती अख्खी निघून आली. पाठीमागं सिमेंटाचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. बाकी पाठ कारखान्यातून आली तशी कोरी, कंपनीचा शिक्का वाचता येत होता. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी उभं. त्याखालचा माल हातानं चुरत होता. आणखी खाली गेलो तर विटांचे तुकडे कुठंच नाहीत. प्लास्टरची ढेकळं, फुटक्या टाइल्स, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, सेंट्रिंगचं एक फळकूट, त्यात खिळे तसेच. साइटवरचा कचरा बाहेर नेऊन टाकायला ट्रॅक्टर लावावा लागू नये म्हणून तो या खड्ड्यात ढकलला होता आणि वर फरशी बसवून मोकळे झाले होते. सगळा भराव गाळासारखा भिजलेला. असा कुजका वास आला की ताई नाकाला पदर लावून जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. तळाशी स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा थर होता, आणि तो वाईटही नव्हता. पण तो झाल्यावर प्लंबर आला, त्यानं पाइप बाहेर काढण्यासाठी त्याच थरातून छिन्नीनं भोक पाडलं आणि भोवती मुठीनं सिमेंट थापून गेला. ताईंच्या छताला जिथं सळई उघडी पडली होती, ती जागा बरोबर त्या भोकाखाली.

मी तिथं उभा राहून विचार करत होतो की, यात एकट्या माणसाची चूक कुणाची म्हणायची? वॉटरप्रूफिंगवाल्यानं त्याचं काम केलं. प्लंबरनं त्याचं केलं. फरशीवाल्याला खाली काय आहे ते माहीत नव्हतं, त्याला चौरस फुटाचा दर मिळतो. कामं ज्या क्रमानं व्हायला हवीत त्या क्रमानं झाली नाहीत आणि शेवटी सगळ्यांचं मिळून काम पाणी धरतं का, हे कुणी बघितलं नाही. ते बघायची जबाबदारी ज्याची, तो बिल्डर किंवा त्याचा इंजिनिअर. तिथं ढिलाई झाली.

टाइलच्या पाठीवरच्या त्या पाच गोळ्यांविषयी आणखी दोन शब्द. आता सगळीकडं व्हिट्रिफाइड टाइल आली आहे. ही टाइल पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल, तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतकंही शोषत नाही. आपली शहाबादी फरशी किंवा जुनी भिंतीची सिरॅमिक टाइल सिमेंटाचं पाणी थोडं ओढायची आणि त्या मालाला धरून बसायची. व्हिट्रिफाइडला नुसतं सिमेंट धरत नाही. तिला टाइलचं ॲडेसिव्ह लागतं, ते दातेरी थापीनं पूर्ण पाठीवर पसरावं लागतं. या ॲडेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे वेगळं भारतीय मानक आहे, पिशवीवर तो क्रमांक बघून घ्यावा. गोळे मारले की टाइल पटकन पातळीत येते, मिस्त्रीचा दिवस लवकर भरतो, पण खाली पोकळी राहते. घर ताब्यात घेताना नाण्यानं किंवा किल्लीनं प्रत्येक टाइलवर ठोकून बघा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक लहान मुलालाही कळतो.

आणि टाइल बसली म्हणजे वॉटरप्रूफ झालं, हा समज तर सोडूनच द्यायला हवा. टाइलमधून पाणी जात नाही, दोन टाइल्सच्या मधल्या फटीतून, म्हणजे दर्जातून जातं. आपल्याकडं टाइल्स एकमेकींना चिकटवून बसवायची हौस आहे, कारण रेघ बारीक दिसली की काम देखणं दिसतं. मग वरून व्हाइट सिमेंट पुसतात. जागाच नसलेल्या सांध्यात ते भरणार कुठं? वर्षभरात उडून जातं. दोन टाइल्समध्ये दोन-तीन मिलिमीटरची जागा राखणारा स्पेसर ठेवून ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा माल, भरावा, शॉवरच्या भागात एपॉक्सी ग्राउट भरला तर उत्तम. त्यात आपल्या मराठवाड्याची आणखी एक अडचण म्हणजे बोअरचं जड पाणी. टाइल्सवर त्याचे पांढरे डाग बसतात, आणि ते काढायला बाया-माणसं दारावर मिळणारं ॲसिड ओततात. ॲसिडनं डाग जातो, त्याबरोबर दर्जातलं सिमेंटही खाल्लं जातं. घर चकचकीत ठेवणाऱ्या माउलीच्याच बाथरूमचे सांधे सगळ्यात आधी मोकळे झालेले मला दिसतात, आणि फार वाईट वाटतं. तिला कुणी सांगितलेलंच नसतं. डाग ताजे असताना व्हिनेगरच्या ओल्या फडक्यानं फक्त टाइल पुसावी, सांध्यावर ते जास्त वेळ राहू देऊ नये आणि लगेच पाण्यानं धुवावं. त्याहून चांगलं म्हणजे अंघोळ झाल्यावर वायपरनं भिंत आणि फरशी निपटून घ्यावी, डाग बसतच नाहीत.

ग्राउट कितीही चांगला भरला तरी थोडं पाणी खाली जाणारच, असं धरून चालायचं. त्याला अडवायचं काम टाइलच्या खालच्या थराचं. त्यासाठी आधी सगळे पाइप, ट्रॅप, कमोडचे जोड पूर्ण बसले पाहिजेत. त्यानंतर प्लंबरनं छिन्नी हातात घ्यायची नाही. पाइपाभोवतीची जागा न आकसणाऱ्या ग्राउटनं भरायची. भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्याला वाटा मारायचा, म्हणजे गोलाई द्यायची, कारण काटकोनात लावलेला थर तिथंच तडकतो. मग पॉलिमर मिसळलेल्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला उभा तर दुसरा आडवा, मध्ये पुरेसा वेळ सोडून. हा थर भिंतीवर फूटभर तरी चढला पाहिजे आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वर. उंबऱ्याखालूनही तो गेला पाहिजे. उतार ट्रॅपकडं, मीटरला साधारण सव्वा सेंटिमीटर, आणि तो उतार नुसत्या टाइलला देऊन भागत नाही, खालच्या कोब्यालाही हवा, म्हणजे दर्जातून उतरलेलं पाणी तिथं मुक्काम करत नाही. शॉवरच्या काचेचं पार्टिशन लावणाऱ्याला फरशीत ड्रिल मारू देऊ नये. एवढं सगळं जपून केलेलं एका स्क्रूनं वाया जातं.

आणि मग पाणी भरायचं. ट्रॅपचं तोंड बंद करायचं, दोन-तीन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलनं खूण करायची, किमान दोन दिवस, जमलं तर तीन दिवस ठेवायचं. खालून छत बघायचं, बाजूच्या खोलीची भिंत बघायची. स्लॅबवरच्या थरावर एकदा आणि कोबा भरून झाल्यावर, टाइलच्या आधी, पुन्हा एकदा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी वाफेनंही उतरतं, त्यामुळं वाद होतो. त्यावर सोपा उपाय आहे. त्याच बाथरूममध्ये बादलीत पाणी भरून तिच्यावरही खूण करून ठेवा. बादलीइतकंच उतरलं तर उष्णतेनं उतरलं. जास्त उतरलं तर गळती आहे.

ही तपासणी का केली नाही, असं मी एका साइटवर विचारलं होतं. सुपरवायझर म्हणाला, "मामा, लातुरात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही बाथरूम भरायला सांगायलात?" हे उत्तर पहिल्यांदा ऐकलं की कुणीही गप्प बसेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते दिवस ज्यानं काढले त्याला पाणी वाया घालवा म्हणायची माझी हिंमत नाही. पण हिशेब करून बघा. पाच बाय सात फुटांचं बाथरूम, दोन इंच पाणी, म्हणजे होतात साधारण एकशे पासष्ट लिटर. साइटवरच्या दोनशे लिटरच्या एका बॅरलएवढंही नाही. तपासणी झाल्यावर तेच पाणी उपसून वरच्या मजल्याच्या क्युरिंगला, म्हणजे नवं सिमेंटकाम ओलं ठेवायला, वापरता येतं, पुढच्या बाथरूममध्ये ओतता येतं. उलट हे न केल्यामुळं जो जोड पुढची दहा वर्षं ठिबकणार आहे, त्याचं पाणी कुणी मोजणार? टँकरनं विकत घेतलेलं, चार जिने चढवून टाकीत नेलेलं पाणी भिंतीत मुरतं. पाण्याची टंचाई हे तपासणी टाळायचं कारण होऊच शकत नाही. टंचाई आहे म्हणूनच ती हवी.

टंचाईच्या नावाखाली क्युरिंगही चुकवलं जातं. कोब्यावर, प्लास्टरवर दोन दिवस पाणी मारलं की संपलं. न मुरलेलं सिमेंट भुसभुशीत राहतं, बारीक भेगा पडतात आणि पाण्याला रस्ता मिळतो. काही साइटवर खाऱ्या बोअरचं पाणी काँक्रीटमध्ये सर्रास वापरतात. सळईच्या काँक्रीटसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड असलेलं पाणी चालत नाही, असं आयएस ४५६ या मानकात आहे. पाण्याची तपासणी करून घेणं काही अवघड नाही, खर्च नगण्य.

सळईचा विषय निघाला म्हणून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आमच्या जिल्ह्यानं बघितली आहे. किल्लारीनंतर आपल्याकडं घर घेणारा माणूस, मग तो शेतकरी असो की शिक्षक, कॉलम किती, सळई कोणती, किती एमएमची, हे विचारूनच पुढं जातो. ही जागरूकता मोठ्या किमतीत आली आहे. माझं म्हणणं एवढंच की, ज्या सळईची आपण इतकी चौकशी केली तिला घर झाल्यावर गंजायला सोडू नका. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या कितीतरी पट जागा मागतं आणि खालचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. बाथरूमखालच्या छताला सळईच्या रेषेत लांब भेग दिसली, तांबूस डाग उतरला, तर ते काम रंगाऱ्याचं राहिलेलं नसतं. इंजिनिअरला दाखवा. अशा ठिकाणी पुट्टी भरून भेग बुजवायला सांगणारे भेटतात. मी हात जोडून नाही म्हणतो.

काळ्या मातीतल्या स्वतंत्र घरांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, जोतं हलतं आणि बाथरूमच्या कोपऱ्यांना भेगा पडतात. तिथं पाया आणि भोवतीचं पाणी आधी बघावं लागतं. जुन्या घरांत न्हाणी अंगणाच्या कडेला असायची, शहाबादी फरशी, भिंतीत मोरी, पाणी सरळ परसात आळूच्या वाफ्याला. राहत्या खोलीशी तिचा संबंध नव्हता. आता प्रत्येक बेडरूमला बाथरूम हवं असतं आणि त्याला माझी ना नाही, म्हाताऱ्या माणसांची फार सोय झाली. पण ओलं काम घराच्या मधोमध आणलं तर ते त्या काळजीनं बांधलं पाहिजे.

दोष निघाला तर दाद कुठं मागायची, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. माझ्या एका वकील गिऱ्हाइकानं मला समजावून सांगितलं ते इथं देतो. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करायचा असतो. केला नाही तर भरपाई मागता येते. बाथरूमची गळती यात बसते. पण फोनवर सांगून भागत नाही, लेखी द्या, तारखेसह फोटो जोडा, पोहोच घ्या. लोक चार वर्षं रंग देत बसतात आणि मुदत संपल्यावर जागे होतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघतो. लातूरसारख्या शहरात अडचण अशी की ५०० चौरस मीटरपेक्षा लहान प्लॉटवरच्या किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या इमारतींना रेराची नोंदणी सक्तीची नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी अपार्टमेंट एवढ्याच आकाराच्या आहेत. तिथं ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरलेली आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

सोसायटीत वर-खाली राहणाऱ्यांची भांडणं वेगळीच. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची, बाहेरच्या सामाईक पाइपाची गळती सोसायटीनं दुरुस्त करायची आणि घरातल्या संडास-बाथरूम, सिंकमुळं होणारी गळती त्या फ्लॅटधारकानं स्वखर्चानं. इतकं स्पष्ट असताना वर्षानुवर्षं अबोले धरलेले शेजारी मी बघितले आहेत. एकाच जिन्यात राहून एकमेकांच्या लग्नकार्याला न जाणारे. दोष घराचा होता, तो माणसांत उतरला. वरच्यांना हात जोडून विनंती आहे, खालच्यानं बोलावलं तर एकदा जाऊन छत बघा.

घर घेणाऱ्यांनी सॅम्पल फ्लॅटमधल्या टाइल्सचा रंग बघण्याआधी बांधकाम चालू असताना एकदा साइटवर जावं आणि विचारावं की माझ्या बाथरूममध्ये पाणी कधी भरणार आहात, मला त्या दिवशी यायचं आहे. ज्या बिल्डरनं काम नीट केलं आहे तो आनंदानं बोलावतो. लातुरात असे बिल्डर आहेत, त्यांच्या इमारतींत मला ओलीसाठी कुणी बोलावत नाही. जिथं गवंडीकाम शिकवलं जातं त्या आयटीआयमध्ये व्हिट्रिफाइड टाइल आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग प्रत्यक्ष हातानं करून घ्यावं, कारण आमच्या मिस्त्री पोरांना हे कुणी शिकवलेलंच नाही, ते बघून बघून शिकले. आणि महापालिकेला विनंती अशी की, भोगवटा प्रमाणपत्रासाठी कागद मागवताना प्रत्येक बाथरूमच्या पाणी-तपासणीची, इंजिनिअरच्या सहीची, तारखेची आणि फोटोची नोंद मागावी, तिची एक प्रत ताब्याच्या कागदांसोबत फ्लॅटधारकाला मिळावी. यात काही अडचण असेल तर ती महापालिकेनं आणि शहरातल्या बांधकाम अभियंत्यांनी आपल्या वृत्तपत्रातूनच सांगावी, म्हणजे आम्हा काम करणाऱ्यांनाही त्यावर बोलता येईल.

आपला,
एक रंगकाम करणारा वाचक,
लातूर